संगणकास आज्ञा लिहिण्याचे दिवस संपले काय?

ह्या वर्षी सहामाही परीक्षेनंतर भरलेल्या पालकसभेत एका सद्गृहस्थांनी आम्हांस उभे राहून विचारले, "सर, माझा मुलगा दोन वर्षे कोडिंगच्या शिकवणीस जात आहे. आता तर यंत्रच सारे लिहून देते असे ऐकतो. मग ही फी मी कशाकरिता भरावी?" प्रश्न रोखठोक होता. त्या वेळी आम्ही काहीतरी उत्तर देऊन वेळ निभावून नेली खरी, परंतु ते उत्तर आमचे आम्हांसच पुरेसे वाटले नाही. तेव्हा ह्या अंकाच्या निमित्ताने त्या प्रश्नाचा सावकाश विचार करून आमचे मत विद्यार्थ्यांपुढे व त्यांच्या पालकांपुढे ठेवावे, असे आम्ही योजिले आहे.

प्रश्न उद्भवण्यास कारण तसेच झाले आहे. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने सहावी ते आठवीच्या मुलांस कोडिंगची ओळख करून द्यावी असे सुचविले, आणि घरोघरी त्याची चर्चा सुरू झाली. पुढे २०२२ च्या नोव्हेंबरात चॅटजीपीटी हे यंत्र सर्वांस खुले झाले. आणि आता साध्या इंग्रजीत, किंबहुना मराठीतही, आपले काम सांगावे व यंत्राने त्याची पायथन भाषेतील आज्ञावली, म्हणजे ज्यास आपण सर्रास प्रोग्रॅम म्हणतो ती, क्षणार्धात लिहून द्यावी, असा काळ आला. ह्या धंद्यातील काही नामांकित मंडळी तर असे सांगू लागली आहेत की, पुढील पिढीने आज्ञावली लिहिण्यास शिकण्याचे कारणच उरणार नाही. मग बोरू गेला, टाक गेला, त्याप्रमाणे लिहिलेली आज्ञावलीही जाणार काय?

ह्याचे उत्तर शोधताना प्रथम हे ध्यानात घेतले पाहिजे की, आरंभी आज्ञावली लिहिण्याची चाल नव्हतीच. अमेरिकेत फिलाडेल्फिया शहरी १९४६ च्या फेब्रुवारीत एनियाक नावाचा प्रचंड संगणक लोकांस दाखविण्यात आला. त्यात सुमारे अठरा हजार निर्वात नळ्या होत्या. तोफेचा गोळा कोठे पडेल ह्याची कोष्टके करण्यासाठी तो बांधला होता. ह्या यंत्रास नवे काम सांगावयाचे म्हणजे कागदावर केलेल्या आखणीबरहुकूम शेकडो तारा एका भोकातून काढून दुसऱ्यात खोवावयाच्या व असंख्य खटके फिरवावयाचे. हे काम सहा तरुण स्त्रिया करीत असत, आणि एका नव्या उदाहरणाची मांडणी करण्यास कित्येक दिवस लागत. आज्ञा यंत्राच्या अंगावर तारांच्या रूपाने असे. ती वाचता येत नसे, जपून ठेवता येत नसे व दुसऱ्यास धाडताही येत नसे. तारा काढल्या की आज्ञा गेली.

ह्या कष्टांतून सुटण्याचा मार्ग लेखनाने दाखविला. इंग्लंडात मँचेस्टर येथे २१ जून १९४८ रोजी एका लहानशा संगणकाने आपल्याच स्मरणात साठविलेली आज्ञावली प्रथमच चालविली. तीत अवघ्या सतरा आज्ञा होत्या, आणि एका मोठ्या संख्येचा सर्वांत मोठा विभाजक शोधण्यास यंत्रास बावन्न मिनिटे लागली. पण त्या दिवसापासून आज्ञा ही तारांच्या जंजाळातून सुटून लिहिण्याची व वाचण्याची वस्तू झाली. तात्पर्य, लेखन हे संगणकाच्या बाल्यावस्थेतील अडाणीपण नसून, त्या अवस्थेतून बाहेर पडण्याचे साधन होते.

तेव्हापासून मात्र "आता लिहिणे संपले" ही आरोळी दर दहा-वीस वर्षांनी उठत आली आहे. जॉन बॅकस व त्यांच्या सहकाऱ्यांनी फोरट्रान ही भाषा रचावयास घेतली, तेव्हा १९५४ च्या अहवालात त्यांनी अशी आशा प्रगट केली की, हिच्या योगाने आज्ञावली लिहिण्याचे व तीतील चुका काढण्याचे काम जवळजवळ नाहीसे होईल. १९५७ साली फोरट्रान आली. गणिताचे सूत्र जवळपास सूत्रासारखेच लिहिता येऊ लागले. आणि काम नाहीसे न होता शतपटीने वाढले, कारण पूर्वी ज्या गोष्टी यंत्रास सांगण्याचे कोणाच्या मनातही येत नसे, त्या लोक सांगू लागले. पुढे १९६० च्या सुमारास कोबोल आली. तिची वाक्ये इंग्रजीसारखी ठेविली होती, अशासाठी की कचेरीतील वरिष्ठांनाही ती वाचता यावीत. परंतु वरिष्ठांनी ती लिहिली नाहीत. ती लिहिण्यासाठी नवा कारकूनवर्गच निर्माण झाला. १९८१ साली इंग्लंडात तर एक आज्ञावली "द लास्ट वन", म्हणजे "शेवटची", ह्या नावाने विकावयास निघाली. हिच्यानंतर मनुष्यास दुसरी लिहिण्याची गरज पडणार नाही, असा तिच्या कर्त्यांचा दावा होता. ती शेवटची ठरली नाही, हे सांगावयास नकोच.

चित्रांनी काम भागेल, अशीही एक आशा होती. १९६३ साली आयव्हन सदरलँड ह्यांनी प्रकाशलेखणीने पडद्यावर आकृती काढून यंत्राशी व्यवहार करून दाखविला. आपल्या धाकट्या विद्यार्थ्यांस परिचित असलेले स्क्रॅच २००७ साली आले. त्यात रंगीत ठोकळे एकमेकांत बसवून मांजर नाचविता येते. ही साधने उत्तम आहेत आणि मुलांस विचाराची गोडी लावणारी आहेत. परंतु पाचवीतील मुलाने केलेला शे-दीडशे ठोकळ्यांचा पसारा ज्याने पाहिला आहे, त्यास ठाऊक आहे की, ठोकळे फार झाले म्हणजे तेही वाचावे लागतात, आणि ओळींपेक्षा ते वाचणे कठीण जाते. शिवाय प्रत्येक ठोकळ्यावर शब्द आहेतच. लेखन गेले नाही; त्यास रंगीत चौकट मिळाली इतकेच.

आता बोलभाषेचा विचार करू. आपण आपल्या भाषेत सांगावे व यंत्राने ते करावे, ह्याहून सोयीचे काय? पण आपली भाषा व्यवहारास पुरते, ती ऐकणाऱ्याच्या समजुतीच्या आधारावर. आम्ही शाळेच्या शिपायास म्हटले, "जुन्या वह्या व उत्तरपत्रिका रद्दीत घाला," तर तो ह्या सत्राच्या उत्तरपत्रिका रद्दीत घालणार नाही. "जुन्या" हा शब्द दोहोंस लागतो की एकास, हे आमच्या वाक्यात नाही. ते त्याच्या वीस वर्षांच्या नोकरीत आहे. यंत्रापाशी ती नोकरी नाही. त्याने लक्षावधी लोकांचे लिखाण वाचले आहे खरे, पण आपल्या शाळेच्या कपाटात काय आहे हे त्यास ठाऊक नाही. जेथे आपण मोघम बोलतो, तेथे ते अंदाज करते; आणि तो अंदाज इतक्या सफाईने करते की, आपण मोघम बोललो हे आपल्या ध्यानातही येत नाही.

गणिताच्या इतिहासाकडे पाहिले असता हीच गोष्ट निराळ्या बाजूने दिसते. आपल्या सह्याद्रीच्या आश्रयाने राहिलेल्या भास्कराचार्यांनी ११५० साली लीलावती रचली. तीतील उदाहरणे श्लोकबद्ध असून ऐकावयास मोठी गोड आहेत. परंतु तेच भास्कराचार्य बीजगणिताकडे वळले म्हणजे अज्ञात राशींस यावत्तावत्, कालक, नीलक अशी नावे देतात व त्यांची आद्याक्षरे या, का, नी घेऊन आकडेमोड मांडतात. युरोपातही बीजगणित प्रथम शब्दांतच चालत असे. बरोबरीचे चिन्ह रॉबर्ट रेकॉर्ड ह्यांनी १५५७ साली छापले, ते "ह्याची बरोबरी त्याशी आहे" हे शब्द पुनःपुन्हा लिहिण्याचा कंटाळा येऊन. म्हणजे मनुष्यजात शब्दांकडून चिन्हांकडे गेली, ती हौसेने नव्हे, तर शब्दांत गोंधळ होऊ लागला म्हणून. आठवीतील विद्यार्थीही शाब्दिक उदाहरण वाचून झाल्यावर प्रथम "समजा, ती संख्या क्ष" असेच लिहितो. त्यास कोणी म्हणाले की, "क्ष मांडू नकोस, नुसते बोलून सोडव," तर ती त्याला दिलेली सवलत होईल की शिक्षा?

येथवर आम्ही इतिहास सांगितला. आता आपल्या शाळेतच घडलेली एक हकीकत सांगतो, कारण आमचे मत खरोखर तिच्यामुळेच बनले. आणि तीत आमच्याही पदरी दोष येत असल्याने ती झाकून ठेवणे आम्हांस बरे वाटत नाही.

वार्षिक क्रीडास्पर्धांत गटांचे गुण मांडण्याचे काम ह्या वर्षी नववीच्या एका हुशार मुलाने आपल्याकडे घेतले. त्याने यंत्रास मराठीत सांगितले, "पहिल्यास पाच, दुसऱ्यास तीन व तिसऱ्यास एक गुण द्यावा, आणि चारही गटांची बेरीज दाखवावी." यंत्राने ऐंशी-पंचाऐंशी ओळींची आज्ञावली लिहून दिली. ती सुरेख चालली. प्रत्येक शर्यत संपताच पडद्यावर गुण झळकत, आणि मुलांचा जल्लोष होई. शेवटी निळ्या गटाचे सत्त्याऐंशी व पिवळ्या गटाचे शहाऐंशी गुण होऊन ढाल निळ्या गटास मिळाली. आम्हीच ती घोषणा केली.

चार दिवसांनी पिवळ्या गटातील आठवीची एक मुलगी कागदावर आकडेमोड करून आमच्याकडे आली. दोनशे मीटरच्या शर्यतीत निळ्या व लाल गटांच्या मुली बरोबरीने दुसऱ्या आल्या होत्या. यंत्राने दोघींस तीन-तीन गुण दिले होते. मुलीचे म्हणणे असे की, आपल्या शाळेची रीत दुसऱ्या व तिसऱ्या क्रमांकांचे गुण एकत्र करून निम्मे-निम्मे वाटण्याची आहे. म्हणजे प्रत्येकीस दोनच मिळावयास हवेत. ही रीत तिला तिच्या आईने सांगितली होती. आई ह्याच शाळेची माजी विद्यार्थिनी. हिशोब सरळ होता: निळ्याचा एक गुण कमी होऊन दोन्ही गट शहाऐंशीवर बरोबरीत येत होते. ढाल दोघांची होती, आणि आम्ही ती एकास दिली होती.

आम्ही जुनी क्रीडा-नोंदवही काढून पाहिली. तीत वर्षानुवर्षांचे निकाल होते. परंतु बरोबरी झाल्यास काय करावे हा नियम एकाही पानावर नव्हता. तो निवृत्त झालेल्या कवायतीच्या मास्तरांच्या मनात होता, जुन्या विद्यार्थ्यांच्या आठवणीत होता, आणि खरे सांगावयाचे तर आमच्याही मनात होता. फक्त तो आम्ही त्या मुलास सांगितला नव्हता, आणि त्यानेही विचारला नव्हता. यंत्राने तर विचारावयास हवेच होते. पण त्याने न विचारता आपल्याच मनाने एक नियम योजिला. संध्याकाळी संगणकाच्या शिक्षिकाबाई, तो मुलगा व आम्ही असे तिघे बसलो आणि आज्ञावली ओळीने वाचली. तासाभरात त्या दोन ओळी सापडल्या. मुलगा ओशाळून म्हणाला, "सर, ह्या ओळी मी वाचल्याच नव्हत्या." पुढे ढाल सहा-सहा महिने दोन्ही गटांकडे ठेवण्याचे ठरले, व तो नियम नोंदवहीच्या पहिल्या पानावर लिहिण्यात आला.

ह्या प्रसंगातून दोन गोष्टी आमच्या मनात ठसल्या. पहिली ही की, चूक झाली ती नियम लिहिलेला नव्हता म्हणून. दुसरी ही की, चूक सापडली ती यंत्राने केलेला नियम लिहिलेला होता म्हणून. तो ओळींत नसता, नुसताच पडद्यावर निकाल उमटला असता, तर त्या मुलीच्या कागदाविरुद्ध यंत्राचा शब्द असा वाद झाला असता. आणि अशा वादात आठवीतील मुलीचे कोण ऐकतो?

मोठ्यांच्या व्यवहारातही हेच घडते. अमेरिकेच्या नासा ह्या संस्थेने १९९८ च्या डिसेंबरात मंगळाकडे धाडलेले एक यान २३ सप्टेंबर १९९९ रोजी तेथे पोहोचताच नाहीसे झाले. चौकशीअंती असे आढळले की, एका आज्ञावलीने जोराचे माप पौंडांच्या परिमाणात दिले होते व पुढील मंडळींनी ते न्यूटनांच्या परिमाणात आहे असे धरून चालविले. सुमारे दोनशे सव्वीस किलोमीटर उंचीवरून जावयाचे यान सुमारे सत्तावन्न किलोमीटरांवर उतरले व वातावरणात सापडले. एकक न लिहिल्याबद्दल अर्धा गुण कापला म्हणजे आमचे विद्यार्थी रुसतात. येथे सबंध यान कापले गेले! पण ध्यानात ठेवण्याची गोष्ट अशी की, मापे मेट्रिक असावीत हा नियम कागदावर लिहिलेला होता. म्हणूनच चूक कोणत्या ठिकाणी झाली, हे दीड-दोन महिन्यांत बोट ठेवून दाखविता आले.

आता आमच्या मताविरुद्ध जो सर्वांत बळकट आक्षेप आहे, त्याचा परामर्श घेतला पाहिजे. कोणी म्हणेल, "यंत्रास नियम न सांगता नुसती उदाहरणे दाखवून शिकविता येते, मग लेखन कोठे उरले?" हे अगदी खरे आहे. हाताने लिहिलेले आकडे ओळखण्याचे काम घ्या. मुलांच्या वह्या तपासताना १ कोणता व ९ कोणता हे आम्ही पाहताच सांगतो, परंतु त्याचा नियम लिहा म्हटले तर आमची लेखणी अडेल. यान लकून प्रभृती शास्त्रज्ञांनी १९८९ च्या सुमारापासून हा नियम लिहिण्याचा नाद सोडून यंत्रास हजारो नमुने दाखविले, आणि यंत्र आकडे ओळखू लागले. ह्या कामासाठी प्रसिद्ध असलेल्या एका संग्रहात शिकविण्याचे साठ हजार व परीक्षेचे दहा हजार नमुने आहेत. मराठीत कामे सांगितली असता जे यंत्र आज्ञावली लिहून देते, तेही मुळात असेच उदाहरणांनी शिकलेले आहे. तेव्हा संगणकास काम सांगण्याची कला लिखित आज्ञावलीच्या पलीकडे कधी जाऊ शकेल काय, असे विचाराल तर आमचे प्रांजळ उत्तर असे की, काही कामांपुरती ती केव्हाच गेली आहे.

परंतु त्या यंत्रास "हा आकडा तू ९ का म्हणालास?" असे विचारले तर दाखविण्यासारखी एक ओळ त्याच्यापाशी नाही. आत लक्षावधी संख्या आहेत, आणि त्या वाचून कोणास काही उमगत नाही. एक प्रकारे आपण पुन्हा एनियाकच्या तारांपाशी येऊन ठेपलो आहोत: आज्ञा यंत्राच्या अंगात आहे, पण ती वाचता येत नाही. आकडा ओळखावयाचा असेल, छायाचित्रातील पक्ष्याचे नाव सांगावयाचे असेल, तर ह्याने फारसे बिघडत नाही. चूक झाली तर डोळ्यांनी दिसते. पण शिष्यवृत्ती कोणास द्यावी, कर्ज कोणास नाकारावे, रोग्यास औषध किती द्यावे, अशा ठिकाणी ज्याचे नुकसान झाले त्यास "का?" असे विचारण्याचा हक्क आहे, आणि वाचता येईल असा नियम कोठेतरी लिहिलेला असल्यावाचून त्या प्रश्नास उत्तर नाही. पैशाची देवघेव आपण तोंडी ठेवीत नाही, पावती घेतो. ती समोरच्यावर अविश्वास म्हणून नव्हे, तर उद्या दोघांच्या आठवणी वेगळ्या निघाल्या तर भांडण होऊ नये म्हणून. लिहिलेली आज्ञावली ही मनुष्य व यंत्र ह्यांच्यामधील पावतीच होय.

म्हणून आमचे मत असे आहे. आज ज्या रीतीने आज्ञा लिहितात, ती रीत बदलेल. कंस व अर्धविराम ह्यांची घोकंपट्टी पुष्कळ अंशी जाईल, आणि गेली तर आम्हांस खेद नाही. फोरट्रान आल्यावर आकड्यांची घोकंपट्टी गेली, तशीच ही. परंतु आपणांस नेमके काय हवे आहे, बरोबरी झाली तर काय, संख्या शून्य आली तर काय, कोणी गैरहजर राहिले तर काय, हे सर्व ठरवून, दुसऱ्यास वाचता येईल व ताडून पाहता येईल असे कोठेतरी मांडून ठेवण्याचे काम यंत्र आपल्यावतीने करू शकणार नाही. ते त्याच्यावर सोडले तर ते ठरवील, पण आपल्यास न सांगता ठरवील. लिहिणे संपणार नाही. ते एक पायरी वर चढेल, आणि त्या पायरीवर भाषा अधिक काटेकोर लागेल.

तेव्हा त्या सद्गृहस्थांस आमचे उत्तर असे. आपला मुलगा शिकवणीत नुसत्या आज्ञा पाठ करून टंकित असेल, तर ती शिकवणी आजच बंद करावी. ते काम यंत्र त्याच्याहून चांगले करते. पण तेथे त्यास प्रत्येक ओळ वाचून "ही येथे का आली?" असे विचारावयास लावीत असतील, दुसऱ्याने किंवा यंत्राने लिहिलेल्या आज्ञावलीतील दोष शोधावयास देत असतील, तर फी अवश्य भरावी. परीक्षा सोपी आहे. आज रात्री जेवणानंतर त्यास म्हणावे, "तू केलेले मला दाखव, आणि बरोबरी झाली तर हे काय करील ते सांग." पालकांस संगणक येत नसला तरी हा प्रश्न विचारता येतो.

आणि विद्यार्थ्यांनो, तुम्हांस एक लहानसा अभ्यास देऊन हा लेख पुरा करतो. येत्या सुट्टीत तुम्ही जो खेळ खेळता, मग तो लगोरी असो वा गल्लीतील क्रिकेट, त्याचे सर्व नियम एका कागदावर असे लिहा की, तो खेळ कधीही न पाहिलेल्या मुलास केवळ ते वाचून खेळता यावे. चेंडू शेजारच्यांच्या गच्चीवर गेला तर काय, हेही लिहा. मग तो कागद आपल्या धाकट्या भावंडास द्या व गप्प बसून पाहा. ते जेथे अडेल तेथे तुमचा नियम अपुरा आहे असे समजा, आणि तो पुन्हा लिहा. असे कागद जे विद्यार्थी आणून दाखवितील, त्यांचे आम्ही आनंदाने वाचू. आणि पुढील वर्षी गुण मांडण्याचे काम त्यांच्यातीलच कोणास तरी देऊ.